पुढचे 21 दिवस

(दृश्य: दुपार. वॉर्ड. खाटेच्या कडेला बसलेल्या आजी.)

शुक्रवार, दुपारचे तीन. आजींची पिशवी सकाळीच भरून झाली आहे. पायांत चपला, हातात चष्म्याची डबी. खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, जखम कोरडी आहे, डिस्चार्ज कार्डावर सहीही झाली. तरी आजी इथेच. घरी उठवायला-बसवायला माणूस पुढच्या गुरुवारी मिळेल, असा निरोप आहे.

कामाच्या घाईत कुणीतरी बोलून जातं, "सात नंबरची खाट अडवून ठेवलीय." अडवलीय खरी, पण आजींनी नव्हे.

हे थांबणं अंगावर निघतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणातच ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास 1 किलो स्नायू झिजले. आणि ही माणसं धडधाकट होती!

(दृश्य: पांढरा फळा, मार्कर.)

मग घरच्या मदतीला किती हात लागतील, हे आधी मोजता येत नाही? येतं की. फक्त आपली नजर रोज किती जण सुटतात यावरच खिळलेली असते. सुटल्यावर किती दिवस मदत लागते, हे कुणी विचारत नाही.

समजा, रोज 6 जण घरी जातात आणि प्रत्येकाला 21 दिवस मदत लागते. म्हणजे कुठल्याही दिवशी मदतीवर सरासरी 126 जण. रोजची संख्या गुणिले दिवस, रांगांचा हा साधा नियम अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी 1961 साली गणिताने सिद्ध केला. आता 21चे 28 दिवस होऊ द्या. रोजचा आकडा तोच, पण मदतीवरचे होतात 168. आणि 28 व्हायला फार काही लागत नाही. फिजिओथेरपिस्ट आठवडाभर उशिरा आला, तोवर वॉकर भिंतीला टेकून उभा राहिला, की झालं.

126 जणांकडे दिवसाला तीन फेऱ्या धरा: 378. फेरीला अर्धा तास, वर वाटेतली पंधरा मिनिटं. रोजचे साधारण 283 तास झाले. एक केअरटेकर प्रवास धरून सहा तास काम करते म्हटलं, तर रोज 48 जणी हजर हव्यात. आठवड्याला दोन सुट्ट्या द्यायच्या तर 68 जणी नेमायला हव्यात. रजा, आजारपण वेगळंच. वाटेतली ती पंधरा मिनिटं तक्त्यात धरायची राहिली, तर एक तृतीयांश मनुष्यबळ तिथेच कमी पडतं.

बरं, सरासरी 6 म्हणजे रोज 6 नव्हेत. शुक्रवारी 11, रविवारी 1. नेमकी सरासरीपुरतीच माणसं ठेवली, तर शुक्रवारची तुंबलेली रांग उपसायला मोकळा हातच उरत नाही. म्हणून काही हात कधीकधी रिकामे दिसायलाच हवेत. हिशेब बघणाऱ्याला हे पटवणं अवघड, मान्य. रिकाम्या तासाचे पैसे एका खिशातून जातात, अडलेल्या खाटेचे दुसऱ्या. घोडं पेंड खातं ते इथेच.

स्वीडनने 1992 साली हे दोन खिसे जोडले. उपचार संपूनही रुग्णालयात राहिलेल्या पेशंटचा खर्च नगरपालिकांवर टाकला, कारण घरची आणि वृद्धाश्रमातली सोय त्यांनीच करायची होती. अडलेल्या खाटा झपाट्याने कमी झाल्या.

(दृश्य: तोच वॉर्ड. सकाळ.)

गुरुवार. केअरटेकर आली आहे. आधी ती आजींना उभं करून बघते. गुडघे लटपटतात, आजी पुन्हा खाटेवर बसतात. शुक्रवारच्या कागदावर लिहिलं आहे, 'एका माणसाच्या आधाराने चालतात.' ती 'एका' खोडून 'दोन' लिहिते आणि ऑफिसला फोन लावते.