फडातला घाम

मार्च लागलाय, हंगाम संपत आलाय. सांगली जिल्ह्यातला हा उसाचा फड. सकाळचे अकरा, आणि उसात वारा नावालाही नाही.

हा कोयता बघा. एक घाव बुडाशी, एक शेंड्याला. वाढं बाजूला, ऊस मोळीत. बीडहून आलेल्या या ताई पहाटेपासून वाकलेल्या आहेत. पाचटानं अंग चिरू नये म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट.

स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातली जेमतेम पाव या घावात उतरते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. तरीही शरीर आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायला धडपडतं.

कपाळावरचा हा थेंब. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस आहे. रक्त तापल्याची वर्दी त्याला लागते आणि सगळं अंग कामाला लागतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके वाढतात, आतली ऊब रक्ताबरोबर वर येते. कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. एक लिटर घाम वाळला, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळायला हवा. हनुवटीवरून मातीत पडलेला थेंब अंग निववत नाही. शर्ट बघा, पाठीला चिकटलाय. इथं घाम वाळणार कसा?

हा घाम येतो रक्तातल्या पाण्यातून. रक्तातलं क्षारांचं प्रमाण एखाद-दोन टक्क्यांनी जरी वाढलं, तरी घशाला कोरड पडते. त्याच वेळी मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून मूत्रपिंडांना निरोप जातो, पाणी सोडू नका. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी मीठ राखायला लावतात. उन्हाला सरावलेल्या माणसाचा घाम कमी खारट असतो तो यामुळेच. रक्त कमी पडू लागलं, की आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या वाट्याचं रक्त कमी करून ते स्नायूंना आणि कातडीला पुरवलं जातं. कुणीही न सांगता, कोयता एकदाही न थांबता, हे सगळं चाललेलं असतं.

बांधावरचा हा पाण्याचा कॅन. ताई दोन घोट घेतात आणि झाकण लावतात. तहान भागलेली नाही. फडाच्या आसपास संडास नाही, आडोसा नाही. म्हणून बाया दिवसभर पाणी बेतानंच पितात. शरीर आतून पाणी मागतंय आणि एका संडासापायी त्याला नाही म्हणावं लागतंय.

मूत्रपिंडं हे किती दिवस सोसणार? मध्य अमेरिकेत, एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वामध्ये, कित्येक ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं ऐन तरुणपणी निकामी झाली आहेत.

मोळी बांधून झाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून ताई वर चढतायत. गळ्याजवळची ही शीर बघा, कशी उडतेय.