मालागाहून एका दिवसाची खाद्यसहल: आधी घड्याळ बघा

नमस्कार मंडळी! दक्षिण स्पेनमधल्या मालागाच्या व्हिडिओखाली सारखं विचारताय, तिथून एका दिवसात खास खायला कुठे जाऊन येता येईल? माझी दोन गावं: उत्तरेला आंतेकेरा, पूर्वेला डोंगरातलं फ्रिहिलियाना. दोन्हीकडे बसने जाता येतं, फ्रिहिलियानासाठी नेर्हाला बस बदला. झालं.

आता नीट ऐका. जेवायला दोनला बसायचं. बाराला नाही, साडेचारला तर नाहीच.

आंतेकेराला मी पहिल्यांदा गेले आणि मेंगाच्या डोल्मेनमध्ये रमले. साडेपाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दगडी समाधी, पाय निघेना. गावात पोचले साडेचारला. जिथे जाईन तिथे ‘कोसिना सेर्रादा’, स्वयंपाकघर बंद. उपाशी परतले, फार वाईट वाटलं.

एका कमेंटमध्ये होतं, ‘आळशी लोक, म्हणून उशिरा जेवतात.’ नाही हो! स्पेनने १९४० साली घड्याळं एक तास पुढे केली, ती तशीच राहिली. उन्हाळ्यात आणखी एक तास वाढतो. जुलैत मालागाला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सव्वादोन वाजून गेलेले असतात. ती माणसं भर दुपारीच जेवतात, आपल्यासारखी.

म्हणून परतीची बस तीनची धरू नका. तीनची बस म्हणजे जेवण गेलं!

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी फ्रिहिलियाना. तळलेल्या वांग्यांवर ‘मिएल दे कान्या’ ओततात. शब्दशः उसाचा मध. मी बोटाने चाटून बघितलं आणि थेट कोल्हापूरचं गुऱ्हाळ आठवलं. काकवीच ती! ऊस तिथे अरबांबरोबर आला, आणि गावातला कारखाना आजही ती बनवतो.

आंतेकेराचा पोर्रा म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्हचं तेल एकत्र वाटून केलेलं थंडगार, घट्ट सूप. वर मात्र हामोन (डुकराचं खारवून सुकवलेलं मांस), टूना मासा, उकडलेलं अंडं घालतात. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून भागत नाही, टूना येतोच. एकेक नाव घेऊन सांगा: सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो.

आणि सकाळीच पोचलात तर मोयेते घ्या, तिथला मऊ, पिठूळ पाव, भाजून वर ऑलिव्हचं तेल. त्यावर दोनपर्यंत आरामात निघतं.