बोल्ट अडला की आधी थांबा

हा रायफलचा बोल्ट बघा, काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, अर्ध्यावर अडलाय. काडतूस आत गेलंय पण पूर्ण बसलेलं नाही, आणि पोरीचा तळहात दांड्यावर जोर द्यायला निघाला तेवढ्यात सरांचा हात मध्ये आला. जोर लावायचा नाही.

नाशिकची ५० मीटरची रेंज, रायफल पॉइंट टू टू, म्हणजे .२२ कॅलिबरची. याच शहरातल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ब्राँझ आणलं, आणि त्या इव्हेंटला हेच छोटं काडतूस वापरतात.

आता काडतूस जवळून. मॅच रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, मुद्दाम घट्ट ठेवलेलं असतं, बऱ्याच रायफलींत बोल्ट बंद होतानाच गोळीचं शिसं रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांना, लागतं, त्यामुळे गोळीवर सगळीकडून सारखे बारीक चरे दिसले तर घाबरायचं काही नाही. पण या गोळीला एकाच बाजूला खरवडलंय, दिसतंय का, म्हणजे ती केसमध्ये, काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, वाकडी आहे, खाली पडली असेल किंवा खिशात दाबली गेली असेल. ही बाजूला.

परदेशात मोठ्या रायफलची काडतुसं लोक घरी भरतात, तिथे राउंड, म्हणजे भरलेलं काडतूस, अडला की आधी केस तपासतात, तिचा खांदा (गळ्याकडे निमुळता होणारा भाग) पुरेसा मागे गेलाय का, केस लांबलीय का, गोळी जास्त बाहेर राहिलीय का, केस आणि गोळी मार्करने काळी करून चेंबरमध्ये घालतात आणि शाई जिथे खरवडली तिथेच अडतंय हे कळतं. आपल्या पॉइंट टू टूची केस परत भरायची सोयच नाही, पेटवणारा मसाला तिच्या काठातच असतो आणि पिन त्या काठावरच आपटते, म्हणून तर बोल्ट ठोकून बंद करणं इतकं वाईट.

चांगला राउंडही अडला तर मग चेंबर बघा. हा पॅच, नळी पुसायचा कापडाचा तुकडा, मागच्या बाजूने घातला होता, पांढरा गेला आणि असा काळा आला. केसचं तोंड जिथे संपतं तिथे काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण यांचं कडं जमतं, निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत तर मेण आणखी कडक होतं. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ थांबायचं, मग ब्रश, मग कोरडा पॅच, टोकदार लोखंडी काही चेंबरमध्ये घालायचं नाही.

आणि हे. बोल्ट मागे ओढला तर नुसती केस आली, पावडर सगळी ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या भागात, सांडली, गोळी नळीतच राहिली. अशा नळीत पुढचा राउंड झाडला तर नळी फुगू शकते, इजा होऊ शकते. नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवायचं, हात वर करायचा, गोळी सरच काढतील.

क्लबवाल्यांना एकच विनंती, प्रत्येक रायफलमागे एक वही ठेवा, किती राउंड झाले आणि चेंबर कधी साफ केलं एवढंच लिहायचं, पोरांकडूनच लिहून घ्या.