मँचेस्टरच्या वादळात माय

श्रोतेहो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. गावात शिलाईचं काम करते. घरी कोरडवाहू वावर आहे, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर आणि थोडा हरभरा. आज तुम्हाला फेब्रुवारी 2022 मधला एक आठवडा सांगायचा आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6025 रुपये होता आणि बाजारात भाव दहा हजारांच्या आसपास गेला होता. ज्यांनी कापूस घरात धरून ठेवला होता त्यांच्या तो नक्की लक्षात असेल. बाबांनी आमचा कापूस जानेवारीत विकला आणि त्याच रात्री जेवताना मला म्हणाले, "तुह्या मायले पोराकडं नेऊन आण एकदा. हरभऱ्याचं मी पाहातो."

माझा भाऊ इंग्लंडमध्ये मँचेस्टरला नोकरी करतो. माय तोपर्यंत नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती. माहेर कारंजा, सासर दारव्हा, आणि दोन्हीच्या मधे शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी, एवढा तिचा प्रवास. आम्ही लंडनला उतरलो, तिथून दोन-सव्वादोन तासांत रेल्वेनं मँचेस्टर. विमानाचं सांगत बसत नाही. माय खिडकीशी बसली आणि झोपली.

पोचलो सोमवारी. बुधवारी पहिलं वादळ आलं.

तिकडं 2015 पासून वादळांना नावं देतात. वर्णमालेच्या क्रमानं. आमच्या आठवड्यात बुधवारी डडली आलं, शुक्रवारी यूनिस आणि रविवारी फ्रँकलिन. नावं द्यायला लागल्यापासून एका आठवड्यात तीन वादळं येण्याची ती पहिलीच वेळ होती. यूनिसच्या वेळी दक्षिण इंग्लंडजवळच्या एका बेटावर ताशी 122 मैल, म्हणजे 196 किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. मँचेस्टरला तेवढं नव्हतं. पण जे होतं तेही आपल्याकडच्या मे महिन्यात गोठ्याचे पत्रे उडवणाऱ्या वाऱ्याएवढं होतंच. आपल्या हवामान खात्यासारखेच तिकडंही पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतात. भावानं मोबाईलवर पिवळा रंग दाखवला तेव्हा माय म्हणाली, "वादळाचं बारसं करतेत त चांगलंच हाय. नाव असलं म्हंजे माणसाच्या ध्यानात राह्यते."

शुक्रवारी भाऊ कामावर होता. सकाळी वारा जरा पडल्यासारखा वाटला म्हणून आम्ही दोघीच ट्रामनं शहरात गेलो. रस्ता मोबाईलवर पाहायचं काम माझं. ट्राममधून उतरलो आणि दोन गल्ल्या गेलो नाही तोच झोत आला. माझी छत्री उलटी झाली. मी ती सरळ करायला झटत होते, तर मायनं माझ्या हातातून ओढून घेतली आणि मिटली. "छत्री धरली का वारं माणसाले घेऊन जाते. सोड." मग स्वेटरवरून पदर डोक्याला घट्ट बांधला, माझा हात धरला आणि ती पुढं झाली.

तिथून पुढं मोबाईल माझ्या खिशातच राहिला. इमारतीच्या ज्या अंगाला वारा लागत नव्हता, त्या भिंतीला धरून माय चालत होती. कोपरा आला की थांबायची, झोत जाऊ द्यायची, मग वळायची. दुकानाच्या टांगत्या पाटीखालून मला जाऊ दिलं नाही, झाडाखालून तर नाहीच. वावरात वीज कडाडायला लागली की निंबाखाली उभं राहू नये, हे लहानपणी तिनंच शिकवलं होतं. तिला त्या गावची भाषा येत नव्हती, एकही पाटी वाचता येत नव्हती. पण वारा कोणत्या अंगानं येतो आणि आडोसा कुठं मिळेल हे तिला बरोबर कळत होतं. त्या शहरात मला रस्ता सापडला तो तिच्यामुळे.

असा आडोसा शोधत एका चौकात आलो. समोर मोठ्या जुन्या दगडी इमारतीचं दार उघडं होतं. माय आत शिरली, मागून मी.

आतलं दालन एवढं मोठं की आपल्या बाजार समितीचे दोन लिलावशेड त्यात मावावेत. वर काचेचे घुमट, भक्कम खांब, आणि मधोमध पोलाद-काचेचं एक नाट्यगृह. दीडशे टनांचं ते वजन फरशीला पेलणार नाही म्हणून सभागृहाच्या जुन्या खांबांवर तोलून धरलेलं. हे मँचेस्टरचं रॉयल एक्स्चेंज. एके काळी जगातला सगळ्यात मोठा सौदेबाजार इथं भरायचा. आम्ही अंगावरचं पाणी झटकत होतो, तेवढ्यात मायचं लक्ष वर गेलं. भिंतीवर उंच ठिकाणी एक फळा होता, आकडे लिहिलेला.

"काय लिहिलं थे?"

"भाव आहेत."

"कायचे?"

"कापसाचे."

माय फळ्याच्या खाली जाऊन उभी राहिली. "आजचे?"

मी तिथल्या माणसाला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, 1968 चे. बाजाराच्या शेवटच्या दिवसाचे. त्यानंतर इथं सौदा झाला नाही, फळा तसाच ठेवला.

मायनं बोटांवर हिशेब केला. "तवा मी आठ वर्साची असन. मायसंगं वेचाले जाऊन राह्यली होती." आणि मग बराच वेळ तिनं त्या आकड्यांवरून नजर हलवली नाही. दारव्ह्याच्या कास्तकारणीला भावाचा फळा कसा वाचायचा हे कोणी सांगावं लागत नाही. उभ्या हंगामात घरातलं लग्न, दवाखाना, पोरांच्या फिया, सगळं त्या एका आकड्याकडं डोळे लावून बसलेलं असतं.

या शहराचा आणि आपला संबंध फार जुना आहे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, त्याच्या मागं इथला कापूस होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या थांबल्या, हजारो कामगार उपाशी बसले. तेव्हा वऱ्हाडातल्या गाठी मुंबईहून जहाजानं जायला लागल्या. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला ऊमरा म्हणत. उमरावतीचा, म्हणून ऊमरा. आपल्या अमरावतीचं नाव त्या परक्या समुद्रकाठी रोज पुकारलं जात होतं, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

शनिवारी भाऊ सोबत होता. बाहेर पावसाचं थांबायचं नाव नव्हतं, म्हणून विज्ञान आणि उद्योगाच्या संग्रहालयात गेलो. ते 1830 च्या रेल्वेस्टेशनच्या आवारात आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे तिथं सुरू झाली, आणि प्रवाशांच्या इतक्या जुन्या स्टेशनची इमारत जगात दुसरी टिकलेली नाही. पावसात त्या विटांच्या भिंतीपाशी मी मायला सांगितलं, आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन या मँचेस्टरलाच घडलं होतं, 1921 साली. 1923 पासून 1994 पर्यंत त्यानं गाडी ओढली. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. माय माहेरपणाला, बाळंतपणाला त्याच इंजिनाच्या मागं बसून गेली होती. माझ्या जन्माच्या वेळीही. तिनं ओल्या भिंतीला हात लावला आणि तोच हात कपाळाला. आता ती गाडी बंद आहे. रुळांत बाभळी उगवल्या आहेत.

आत कापसाची जुनी यंत्रं आहेत आणि ती चालवून दाखवतात. एक वयस्क बाई दाखवत होती. माग सुरू झाला आणि असा खडखडाट उठला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. ती सांगत होती, अशा शेकडो मागांच्या आवाजात बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या, तोंडाच्या मोठ्या हालचाली करून एकमेकींशी बोलायच्या. भाऊ मायला समजावून सांगत होता. आपल्या हिंदुस्थानी कापसाचा धागा आखूड, तो मागावर सारखा तुटायचा, म्हणून इथले कामगार त्याला सुरती म्हणून शिव्या द्यायचे, हेही त्यानं सांगितलं. मला वाईट वाटलं. माय म्हणाली, "धागा तुटला त मजुरी त्याईचीच कापली जाये ना? मंग त्या बाया काय करतीन?"

आमच्याकडं कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही ही वावरातली पूजा करतात. वेचणाऱ्या बायांना किलोमागं मजुरी असते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडा फाटतात. दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून वेचलं की रात्री पाठ टेकवत नाही. माय अजून वेचते. शिव्या देणाऱ्या त्या बायांचा राग तिला का आला नाही, हे मला तिच्या बोटांकडं पाहून कळलं.

मग तिनं पिशवीतून छोटी डबी काढली. देवापुढं लावायला घरच्या कापसाच्या वाती वळून आणल्या होत्या. एक वात सोडवून तिनं त्या बाईसमोर धरली. बाईनं चिमटीत थोडा कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणला, परत जुळवला, परत ताणला. धाग्याची लांबी पाहायची ही रीत. आपल्याकडं व्यापारी ढिगातून मूठभर कापूस काढून असंच पाहतो. माय हसली. तिनंही दुसऱ्या वातीचा कापूस तसाच ताणून दाखवला. दोघींची बोटं एकाच तऱ्हेनं हलत होती. बाईनं मायकडं पाहून ओठ मोठे हलवत काहीतरी म्हटलं, आवाज न करता. भाऊ सांगायच्या आधीच मायनं मान डोलावली. काय म्हणाली ती, विचारलं तर म्हणे, "चांगला हाय म्हणे."

रविवारी लिव्हरपूलची गोदी पाहायला जायचं ठरलं होतं. फ्रँकलिन आलं, गाड्या रद्द झाल्या, आम्ही घरात. दिवसभर पाऊस. शहराच्या दक्षिणेकडून मर्सी नदी जाते, तिला पूर आला आणि डिड्सबरीच्या नदीकाठच्या लोकांना घरं सोडायला सांगितलं. तिकडं नदीशेजारी मोकळी मैदानं राखून ठेवली आहेत. पूर फार वाढला की दारं उघडून पाणी त्यांत सोडतात, म्हणजे वस्ती वाचते. मायनं ते टीव्हीवर तीन वेळा पाहिलं. आमच्या अडाण नदीचं पाणी वावरात शिरतं तेव्हा ते कोणी ठरवून सोडलेलं नसतं, आणि ज्याचं वावर खरडून जातं तो महिनोन्‌महिने पंचनाम्याची वाट पाहतो. "मैदानवाल्याले काही देतेत का पैसे?" तिनं विचारलं. भावाला माहीत नव्हतं. तिला ते उत्तर हवं होतं. संध्याकाळी तिनं परत विचारलं.

सोमवारी दुपारनंतर वारा थांबला. ढगांतून पातळ ऊन आलं. मायनं खिडकी उघडून हात बाहेर काढला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि घरी फोन लावायला सांगितला. बाबा वावरात होते. आभाळ कोरडं आहे म्हणाले, हरभरा सोंगणीला आला आहे, मजूर सांगून ठेवले.

"गारांचं काही नाही ना?"

"नाही."

"मंग सोंगून घ्या लवकर," माय म्हणाली. "इथलं सरलं. येतो मी."