अर्धी चौकट, पूर्ण दंड

मला दिलेला विषय भारदस्त आहे: ‘इटालियन खूनपट आणि घरचा पडदा’. मी मात्र एकाच चित्रपटावर बोलणार, इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोच्या 1975च्या ‘प्रोफोंदो रोस्सो’वर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कानात बोटं घाला, कारण खुनी कोण ते मी सांगणार आहे. कुणीच घातली नाहीत! म्हणजे सगळ्यांनी पाहिलाय, किंवा कुणालाच पाहायचा नाही.

मी तो भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. लायब्ररीवाल्याने ‘भुताचा आहे’ म्हणून दिला. भूत शेवटपर्यंत आलं नाही ते सोडा; कॅसेट रिवाइंड करून दिली नाही म्हणून त्याने वर दंड घेतला. चित्र अर्धं, दंड पूर्ण! चित्र अर्धं हे मी चिडून म्हणत नाही, हिशेबाने म्हणतोय. मूळ चौकटीची रुंदी उंचीच्या 2.35 पट, आपला जुना टीव्ही रुंदीला चार तर उंचीला तीन. चित्र टीव्हीभर बसवायचं तर दोन्ही बाजू मिळून 40 टक्क्यांहून जास्त भाग कापावा लागतो. चुंबनदृश्यात काय, दोन नाकं दिसली की भागतं. इथे भागत नाही.

का, ते बघा. डेव्हिड हेमिंग्जचा पियानोवादक रात्री चौकात उभा आहे. गोष्ट रोमची, चौक तुरिनचा, पण तो आर्जेंतोचा प्रश्न. वर खिडकीत बाईचा खून होतो. हा धावत तिच्या घरात शिरतो. लांबट बोळ, भिंतीवर चित्रंच चित्रं. नंतर त्याला वाटत राहतं, त्यातलं एक चित्र गायब झालंय. चित्र नव्हतंच ते, आरसा होता, आणि त्यात खुनी बाईचा चेहरा. तो चेहरा पहिल्याच धावपळीत पडद्यावर येऊन जातो. तुमच्यासमोर, क्षणभर. दिग्दर्शकाने काहीही लपवलेलं नाही. आणि माझ्या कॅसेटवर? भिंतच अर्धी. हेमिंग्जला निदान विसरायची संधी मिळाली, मला तीही नाही. (ही खुनी बाई झालेली नटी म्हणजे क्लारा कालामाई, दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या 1943च्या ‘ओस्सेस्सिओने’ची नायिका.)

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. मग मुख्य मुद्दा पळत पळत.

कापाकापी लांबीचीही झाली. इटालियन प्रत दोन तासांहून सहाएक मिनिटं जास्त, इंग्रजी वीसेक मिनिटांनी आखूड. गेलं काय? बरंचसं पियानोवादक आणि बातमीदार जियाना यांचं भांडण, पंजा लढवणं. रक्त नव्हे, गंमत. पुढे डीव्हीडीवर ते तुकडे परत जोडले, पण त्यांना इंग्रजी आवाज नव्हता. म्हणून हेमिंग्ज मधेच इटालियन बोलू लागतो. लोक कुरकुरतात. मला तो सांधा दिसलेलाच बरा वाटतो. कुठे कात्री लागली होती ते तरी कळतं. आणि ‘मूळ आवाज’ म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की इटलीत तेव्हा आवाज नंतरच भरत. इटालियन प्रतीतही हेमिंग्जचा आवाज दुसऱ्याचाच आहे. तेव्हा डिस्क घेताना भाषा नंतर बघा, आधी चौकट बघा.