बोंबील तळले, बोका आला नाही

लालबागच्या चाळीतली ही एक खोली. तव्यावर बोंबील पडलेत, वास पार जिन्यापर्यंत गेलाय. एरवी पहिला तुकडा चरचरायच्या आत ओट्याशी हजर असणारा बोका आज कपाटाखालून हलायला तयार नाही. काकूंनी गॅस बंद केला.

मांजर दुखणं अंगावर काढतं. उघड्यावर आजारी दिसलेला जीव सहज कुणाची तरी शिकार होतो. ती जुनी भीती घरात वाढलेल्या मांजरातही टिकून आहे. म्हणून त्याच्या रोजच्या सवयींत कुठे खाडा पडतोय, ते बघायचं. खिडकीच्या कट्ट्यावर थेट उडी मारणारी मनी आधी स्टुलावर चढू लागते. अंग चाटणं सुटतं, पाठीवरचे केस चिकट दिसतात. म्हातारं मांजर सारखं पाण्यापाशी घुटमळत असेल, तर 'उन्हाळा आहे' म्हणून सोडून देऊ नका, मूत्रपिंडं तपासून घ्या.

चेहराही वाचता येतो. २०१९ साली कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या वेदनेची मोजपट्टी मांडली. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे किलकिले, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली झुकलेलं.

काकूंचा बोका आदल्या रात्री पाच-सहा वेळा वाळूच्या ट्रेत जाऊन बसला होता. कुंथला, ओरडला, खालची जागा चाटत राहिला. काकूंना वाटलं, पोट साफ होत नसेल. पुष्कळ जण इथेच फसतात. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. तिच्यात खडा किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. अशा वेळी सकाळ व्हायची वाट बघायची नाही. घरगुती काढे देत बसायचं नाही, आणि आपली पॅरासिटामॉल तर कधीच द्यायची नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

तोंड उघडून धापा टाकणारं मांजरही तितकंच तातडीचं. ते शांत झोपलेलं असताना श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तरीही. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते.

काकूंनी बोक्याला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि टॅक्सीला हात केला. परळचं जनावरांचं हॉस्पिटल. जुनी माणसं अजून त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथलंच, १८८६ सालचं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला. मूत्राशय दगडासारखं घट्ट लागलं. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावलं.

बोका घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये ओल्या वाळूचा चांगला मुठीएवढा गोळा होता. काकूंनी शेजारणीला हाक मारून तो दाखवला.