टांगेन नावाचा माणूस

मंडळी, नॉर्वेचा लेखक क्नुत हाम्सुन, त्याची 'सुल्त' ही कादंबरी १८९० सालची. सुल्त म्हणजे भूक. शहर क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. वर्तमानपत्रांत लेख देऊन पोट भरू पाहणारा एक तरुण तिथे उपाशी हिंडतो, आणि आपली गोष्ट आपणच सांगतो. पहिल्या वाचनात मी त्याच्या पोटाकडेच बघत राहिलो. दुसऱ्या खेपेला ध्यानात आलं की या गड्याने स्वतःचं नाव आपल्याला सांगितलेलंच नाही!

एकदा रस्त्यात एक म्हातारा त्याच्याकडे पैसे मागतो. याच्या खिशात दमडी नाही. पण 'नाही' म्हणायचं कसं? हा अंगातलं जाकीट गहाण टाकतो आणि म्हाताऱ्याला पैसे देतो. मग आठवतं, पेन्सिलीचा तुकडा जाकिटाच्या खिशातच राहिला. परत जाऊन सावकाराला सांगतो काय, तर याच पेन्सिलीने मी तत्त्वज्ञानाचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला! इथे मला हसू येतं, दर वेळी.

पण खरा प्रसंग पुढे आहे. राहायला जागा उरलेली नाही. पोलिस ठाण्यात बेघरांना रात्रीपुरता आसरा मिळतो, म्हणून हा तिथे जातो. नाव विचारल्यावर ठोकून देतो, 'टांगेन, आंद्रेआस टांगेन. पत्रकार.' घराची किल्ली हरवली म्हणे. साहेब माणूस म्हणून त्याला वेगळी, चांगली खोली मिळते. दिवा जातो, अंधार अंगावर येतो. त्या अंधारात तो 'कुबोओ' असा एक नवाच शब्द तयार करतो आणि त्याचा अर्थ काय लावावा यावर स्वतःशीच हुज्जत घालत बसतो. सकाळी बेघरांना जेवणाची कूपनं वाटतात. याला कोणी विचारत नाही. पत्रकाराला कसलं कूपन द्यायचं? आतडी पिळवटताहेत, पण टांगेनला हात पुढे करता येत नाही.

१९८२च्या संपात आमच्या चाळीतले एक काका रोज सकाळी डब्याची पिशवी घेऊन बाहेर पडत. गिरणी बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि डबा रिकामा आहे हे पिशवीच्या हेलकाव्यावरून कळायचं. 'काका, आज कुठली पाळी?' असं मात्र कोणी विचारलं नाही.

हाम्सुनने म्हातारपणी नाझींची बाजू घेतली, त्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल. त्याचं जन्मनाव क्नुद पेडरसन. कादंबरीचा एक तुकडा आधी, १८८८ साली, कोपनहेगनच्या एका मासिकात छापून आला, तेव्हा त्यावर लेखकाचं नाव नव्हतं.